ट्रेसी-स्टॉक्टनकडे खिडकी कधी उघडायची, कधी नाही

कॅलिफोर्नियात बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातून) ट्रेसी, माउंटन हाउस, लेथ्रॉप, स्टॉक्टनकडे राहायला आलेल्या बऱ्याच मराठी घरांत सकाळी उठल्याबरोबर खिडक्या उघडायची पद्धत असते. इथे उन्हाळ्यात ती बरोबर आहे. हिवाळ्यात आणि वणव्यांच्या दिवसांत तीच छातीला त्रास देते.

याचं कारण भूगोलात आहे. सॅक्रमेंटो आणि सॅन वाकीन नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात स्टॉक्टन समुद्रसपाटीपासून जेमतेम चार-पाच मीटर उंच आहे. जवळची शेतीची बेटं तर बांधांच्या आड समुद्रसपाटीच्या खाली आहेत, कारण तिथली पीट माती (कुजलेल्या वनस्पतींची) हवा लागून कुजत आणि खचत गेली. पश्चिमेला कोस्ट रेंज, पूर्वेला सिएरा नेवाडा या डोंगररांगा, मधे हे खोरं. समुद्राच्या हवेला आत यायची मुख्य वाट कार्किनेझ सामुद्रधुनीची. ती हवा आली तर सगळं निवळतं, थांबली की सगळं साचतं.

उन्हाळ्यात त्रास ओझोनचा. गाड्यांचा धूर आणि कडक ऊन यांतून तो बनतो, आणि साधारण दुपारी २ ते संध्याकाळी ७ सर्वांत जास्त असतो. हा वायू आहे, कण नव्हे, त्यामुळे हेपा किंवा मर्व १३ (बारीक कण अडवणाऱ्या दर्जाच्या) फिल्टरने तो अडत नाही. त्या वेळात खिडक्या बंद ठेवा, मुलांचं क्रिकेट सकाळी घ्या. संध्याकाळी पश्चिमेचा वारा, ज्याला इथे डेल्टा ब्रीझ म्हणतात, सुरू होऊन बाहेरचं तापमान घरातल्यापेक्षा खाली उतरलं, की पश्चिमेची एक आणि समोरच्या बाजूची एक खिडकी उघडा. सकाळी ८-९ ला बंद करा. उष्णतेच्या लाटेत उत्तरेचा वारा सुटला तर ब्रीझ येतच नाही. त्या रात्री एसीच.

ऑगस्ट ते ऑक्टोबर बदामाची तोडणी चालते. झाडं हलवून बदाम जमिनीवर पाडतात, मग यंत्राने लोटून उचलतात. धूळ प्रचंड उडते. बाग शेजारी असेल तर त्या बाजूच्या खिडक्या बंद आणि फरशी ओल्या फडक्याने.

खरा कठीण काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस पडून आकाश निरभ्र झालं की रात्री जमीन झपाट्याने थंड होते, गार हवा खोऱ्याच्या तळाशी बसते आणि वर उबदार थराचं झाकण पडतं. खाली दाट टूली धुकं, त्यातच शेकोट्यांचा लाकडी धूर आणि गोठ्यांच्या अमोनियापासून बनलेले सूक्ष्म कण. धूर संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत वाढत जातो, म्हणून इथे उन्हाळ्याच्या उलट करायचं: रात्री-सकाळी बंद, दुपारी १२ ते ३ मध्ये दहा-पंधरा मिनिटं उघडं. तेही एअरनाउ या सरकारी संकेतस्थळावर हवेचा निर्देशांक (आकडा जास्त तितकी हवा खराब) १०० च्या खाली असेल तर. पर्पलएअर या खासगी सेन्सरांचा नकाशा पाहत असाल तर ईपीएची (अमेरिकी पर्यावरण संस्थेची) दुरुस्ती निवडा. धुक्यात ते सेन्सर आकडा फुगवून दाखवतात. फायरप्लेस पेटवण्याआधी सॅन वाकीन व्हॅलीच्या हवा नियंत्रण कार्यालयाने त्या दिवशी बंदी घातली आहे का, ते पाहा.

घरातला धूरही मोजावा लागतो. फोडणी आणि उदबत्ती, दोन्हींतून पीएम २.५, म्हणजे फार सूक्ष्म कण, निघतात. शेगडीवरच्या मायक्रोवेव्हचा पंखा पुष्कळदा धूर बाहेर न टाकता घरातच परत सोडतो. पंखा चालू करून बाहेर भिंतीवर किंवा छतावर हवा येते का, ते एकदा तपासा.

वणव्याचा धूर वेगळा हाताळा. ८ नोव्हेंबर २०१८ ला पॅरडाइसजवळ लागलेल्या कॅम्प फायर नावाच्या वणव्याचा धूर पाऊस येईपर्यंत खोऱ्यात साचून होता. अशा वेळी होल-हाउस फॅन, म्हणजे खिडक्यांतून बाहेरची हवा आत ओढणारा छतातला पंखा, बंद. २०१० नंतरच्या बहुतेक घरांत बाथरूम किंवा लाँड्रीत सतत चालणारा वायुवीजनाचा पंखा असतो. तो हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच धुरकट हवा फटींतून आत ओढतो. धूर असेपर्यंत बंद ठेवा, नंतर आठवणीने चालू करा. थर्मोस्टॅटवर फॅन ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’ करा म्हणजे हवा फिल्टरमधून फिरत राहते. फिल्टर मर्व १३ चा हवा, पण एक इंची फिल्टरने काही जुन्या यंत्रांत हवेचा ओघ कमी होतो, म्हणून यंत्राची पुस्तिका आधी पाहा. निर्देशांक १५० च्या वर गेला तर बाहेर एन ९५. कापडी मास्क निरुपयोगी.

एअर प्युरिफायर घेताना धुराचा सीएडीआर (मिनिटाला किती घनफूट हवा साफ होते तो आकडा) खोलीच्या चौरस फुटांइतका असावा: २०० चौरस फुटांना २००. तो महाग वाटला तर कोर्सी-रोझेंथल खोका, म्हणजे फिल्टर आणि पंखा जोडून केलेला प्युरिफायर, घरी बनतो. २० बाय २० बाय २ इंचाचे मर्व १३ चे चार फिल्टर घ्या, कडेवर छापलेले हवेच्या दिशेचे बाण आत येतील असे चौकोनात उभे करा, कडा डक्ट टेपने बंद करा. तळाला पुठ्ठा, वर २० इंची बॉक्स फॅन (चौकोनी पंखा), हवा वर फेकणारा. पंख्याचे चारही कोपरे झाकतील असा, मधे सुमारे १५ इंची गोल भोक असलेला पुठ्ठा वर चिकटवा. त्याशिवाय कोपऱ्यांतून हवा परत आत जाते. पंखा २०१२ नंतरचा, यूएल या सुरक्षा चाचणीच्या खुणेचा घ्या. खोका चालूनही आकडा उतरत नसेल तर बहुधा टेप सुटलेली असते किंवा एखादा बाण उलटा लागलेला असतो.