अंगणातलं झाड कुठलंही असो, मृगाच्या आधी बुंधा मोकळा करा

कोकणात जुनं घर घेतलेले लोक मे महिन्यात हमखास विचारतात, मागच्या अंगणात एक हिरवंगार झाड आहे, फांद्या खाली झुकलेल्या, पानं कधीच पूर्ण गळत नाहीत, हे नक्की काय आणि ठेवू का तोडू? फोटोत माझी नजर पहिली बुंध्यावर जाते आणि तिथे फरशी नाहीतर चिऱ्याचा पार खोडाला अगदी चिकटलेला, वर भरावाची माती. झाडं यानेच जातात हो. पावसाचं पाणी तिथे तुंबतं, साल कुजते, पहिल्या वर्षी काही कळत नाही आणि मग पुढच्या पावसाळ्यांत शेंड्याकडून वाळत येतं, तोपर्यंत उशीर झालेला असतो.

ओळखायचं म्हणाल तर असं झाड बरेचदा रातांबा म्हणजे कोकम निघतं. आकार शंकूसारखा, कोवळी पालवी लालसर, जुनं पान गडद हिरवं, मोडलं की पिवळसर चीक, आणि आत्ता एप्रिल-मेमध्ये फळं लाल होतात. उंडी हे असंच दुसरं सदाहरित झाड, पण तिचं पान जाड, चकचकीत, त्यावर अगदी जवळजवळ समांतर रेषा. पान चावून आंबट लागतं का बघा असं कोणी सांगेल, पण ओळख पटल्याशिवाय तोंडात काहीही घालू नका, पिवळी कण्हेर पण सदाहरितच आहे आणि ती विषारी आहे.

फळ नाही म्हणून तोडूही नका. बियांपासून आलेल्या कोकमात साधारण निम्मी झाडं नर निघतात, ते हिवाळ्यात फुलं आल्यावरच कळतं, आणि आसपासच्या मादी झाडांना फळ धरायला नराचा उपयोग होतो.

आता पाऊस तोंडावर आहे, म्हणून बाकी सगळं सोडून आधी हे करा. भरावाची माती हाताने उकरा, मुळं जिथून फुटतात ती जागा दिसेपर्यंत, कुदळ मारू नका, साल दुखावते. उन्हाळ्यात केलेलं आळं उताराच्या बाजूने फोडा. साल काळी, ओली झाली असेल तर कुजका भाग खरवडून बोर्डो पेस्ट (बुरशी मारणारा लेप) लावा: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर (एका झाडाला 100 ग्रॅम, 100 ग्रॅम, 1 लिटर पुरे). प्लास्टिकच्या बादलीत कालवा, लोखंडी खिळा बुडवून तांबूस पुट चढलं तर चुना अजून घाला. साल बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर आत कुज आहे असं मी धरतो, हे कुठल्या पुस्तकात नाही पण अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो.

बाकी नेहमीचं:
- वाळक्या फांद्या काढणे
- कोकमाला पहिल्या वर्षी शेणखत 2 किलो, नत्र (नायट्रोजन) 50, स्फुरद (फॉस्फरस) 25, पालाश (पोटॅश) 25 ग्रॅम, दरवर्षी तेवढंच वाढवत दहाव्या वर्षापर्यंत
- खत खोडापासून लांब, फांद्यांच्या घेराखाली
- पावसाआधी फळं उतरवणे

दुकानदार पिवळी पानं बघून टॉनिकची महागडी बाटली देईल, घेऊ नका. सदाहरित झाडाचीही जुनी पानं पिवळी होऊन गळतात, आणि मुळाशी पाणी तुंबलेलं असताना टॉनिक फवारून काय होणार? अंगणात फरशी घालायचीच असेल तर गवंडी यायच्या आधी खोडापासून चारी बाजूंनी दोन हात जागा दोरी लावून आखून ठेवा, आणि काम चालू असताना तिथे उभे रहा.