महागडा आयईएम ऐकून कसा पारखावा

महागडा आयईएम, म्हणजे कानाच्या नळीत घट्ट बसणारा इन-इअर मॉनिटर, पहिल्यांदा कानात घातल्यावर जे ऐकू येते, त्यात त्याच्या गुणवत्तेपेक्षा तो कानात कसा बसला आहे आणि आवाज किती मोठा ठेवला आहे, या दोन गोष्टींचाच वाटा बहुधा अधिक असतो. पन्नास हजारांपासून काही लाखांपर्यंत किंमत असलेली ही वस्तू दुकानातल्या गडबडीत थोडा वेळ ऐकली जाते आणि ‘बास कमी आहे’ किंवा ‘काय डिटेल आहे’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो. पुष्कळदा तो निकाल टिपच्या, म्हणजे आयईएमच्या टोकावरच्या मऊ टोपीच्या, मापाचा असतो. म्हणून हे दोन घटक आधी बाजूला काढावेत आणि मगच ध्वनीविषयी बोलावे.

सुरुवात टिपपासून करावी. कानाची नळी पूर्ण बंद झाली नाही, तर खालचे सूर फटीतून निसटतात आणि उत्तम ड्रायव्हरसुद्धा (आयईएममधला आवाज काढणारा भाग) पोकळ वाटू लागतो. शंभर हर्ट्झपासून तीस हर्ट्झपर्यंत सावकाश उतरणारा सूर वाजवावा आणि तो चालू असताना आयईएम बोटाने हलकेच आत दाबून पाहावा. दाबताच बास भरून आला, तर आधीची पकड सैल होती असे समजावे आणि टिप बदलावी. अनेकांचे दोन्ही कान एका मापाचे नसतात. त्यामुळे डाव्या कानात मध्यम आणि उजव्या कानात मोठी टिप लागली, तर त्यात वावगे काही नाही. फोमची टिप पकड चांगली देते, पण वरचे सूर थोडे मऊ करते, हे ध्यानात ठेवावे. दोन आयईएमची तुलना करताना एकाला फोम आणि दुसऱ्याला सिलिकॉन अशी वाटणी करू नये. जबडा हलवल्यावर किंवा मान वळवल्यावर बास कमी-जास्त होत असेल, तर पुढची कोणतीही परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज लहान असताना कानाला मधल्या सुरांच्या मानाने खालचे सूर बरेच कमी ऐकू येतात आणि आवाज वाढत जातो तसा हा फरक घटतो. म्हणजे एकच आयईएम नुसता मोठ्याने वाजवला, तरी तो अधिक भरीव वाटतो. आणि दोन आयईएमपैकी जो एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठा असेल, तो ‘अधिक मोकळा, अधिक जिवंत’ ठरतो, कारण हा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवतच नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेवर किती मोठा आवाज निघतो ते, मॉडेलगणिक वेगळी असल्याने व्हॉल्यूमचा काटा एकाच आकड्यावर ठेवून काम भागत नाही. घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय असा: टिप जिच्यात घट्ट बसेल अशी लहान रबरी नळी घ्यावी, तिचे दुसरे टोक फोनच्या मायक्रोफोनवर टेकवावे, पाचशे हर्ट्झच्या आसपासचा सूर वाजवावा आणि ध्वनिमापक अॅपवर दोन्ही आयईएमचे आकडे जुळेपर्यंत व्हॉल्यूम कमी-अधिक करावा. आकडा खरा असण्याची गरज नाही, दोन्हींना सारखा असला म्हणजे झाले. ऐकण्याची पातळी मुळात मध्यमच ठेवावी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे, आणि थकलेल्या कानाचा निवाडाही थकलेलाच असतो. विसर्जन मिरवणुकीतल्या ढोल-ताशाचा घुमारा कानात शिल्लक असताना तर ही परीक्षा मुळीच घेऊ नये.

आयईएम ज्या उपकरणाला जोडला आहे, त्याचाही येथे संबंध येतो. बॅलन्स्ड आर्मेचर (चुंबकात हलणाऱ्या छोट्या पट्टीने आवाज काढणारे) ड्रायव्हर अनेक असले, की त्या आयईएमचा विद्युत विरोध, म्हणजे इम्पीडन्स, प्रत्येक सुराला वेगळा असतो. समजा, तो एके ठिकाणी ५ ओहम आणि दुसरीकडे ३० ओहम आहे. उपकरणाचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स १० ओहम असेल, तर या दोन ठिकाणच्या ध्वनीत सुमारे ७ डेसिबलचा फरक केवळ त्या जोडीमुळे पडतो. तोच इम्पीडन्स अर्धा ओहम असेल, तर फरक एका डेसिबलच्याही आत राहतो. ‘हा आयईएम अमुक डॅकवर वेगळाच वाजतो’ या बोलण्यामागे (डॅक म्हणजे डिजिटल फाइलचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) पुष्कळदा एवढेच गणित असते. म्हणून पारखताना आउटपुट इम्पीडन्स एक ओहमच्या आत असलेले उपकरण घ्यावे. गाणे न लावता शांततेत कान देऊन पार्श्वभूमीला खरखर येते का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

एवढी तयारी झाली, की मग ऐकावे. आणि ऐकताना प्रत्यक्ष कानाने ओळखीचे असलेले ध्वनी निवडावेत. आयईएम तपासण्यासाठी म्हणून ज्या गुळगुळीत ध्वनिमुद्रणांची शिफारस होते, ती जवळपास कशावरही छान वाजतात आणि त्यातली वाद्ये मुळात कशी वाजतात, हे आपल्याला ठाऊक नसते. याउलट बैठकीत समोर बसून ऐकलेला तानपुरा आणि तबला अनेक मराठी कानांना पक्के ठाऊक असतात. स्वच्छ, अलीकडचे ध्वनिमुद्रण घ्यावे आणि आलापाची पहिली दोन-तीन मिनिटे परत परत ऐकावीत.

पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला असेल, तर तो सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या खाली, सुमारे ६९ हर्ट्झवर असते. मात्र त्या तारेत कानाला जाणवते ते मूळ कंपनापेक्षा तिच्यातून उमटणारे वरचे सूर. त्यातला पाचवा, सुमारे ३४६ हर्ट्झचा, म्हणजेच स्वयंभू गंधार, तारेतून आपोआप उमटणारा ‘ग’. चांगल्या आयईएमवर तो गंधार खर्ज छेडल्यानंतर क्षणभराने वर येताना वेगळा धरता आला पाहिजे, आणि त्याच वेळी जवारीची, म्हणजे तार घोडीला घासून उमटणाऱ्या झंकाराची, झिलई त्याच्या वर बारीक पसरलेली ऐकू आली पाहिजे. बासचा फुगवटा दोनशे-तीनशे हर्ट्झपर्यंत चढला असेल, तर गंधार त्यात बुडतो आणि तानपुरा म्हणजे नुसता घोंगावणारा पडदा होतो. ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांचा भाग, नको तेवढा वाढवलेला असेल, तर जवारी पत्र्यासारखी वाजते आणि तारा एकमेकींपासून सुटण्याऐवजी एकाच चकचकाटात मिसळतात. माझ्या मते, या एका वाद्याने जेवढे कळते, तेवढे शंभर ट्रॅकांच्या यादीने कळत नाही.

तबल्यात दोन गोष्टी पाहाव्यात. डग्ग्यावर ‘घे’ वाजवून वादक मनगटाने दाब देतो तेव्हा सूर वर सरकतो. ते सरकणे ऐकू आले पाहिजे, नुसता धक्का नव्हे. लागोपाठचे दोन ‘घे’ वेगवेगळ्या दाबाचे असूनही एकसारखे ‘धुप्प धुप्प’ वाजत असतील, तर बास भरपूर असला तरी त्याला घाट नाही. दुसरी गोष्ट चाटेवरच्या, म्हणजे तबल्याच्या काठावरच्या, ‘ना’ची. पुडीवरच्या काळ्या शाईच्या थरामुळे तबल्याचे वरचे सूर एकमेकांशी सुरेल नाते राखतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली दाखवले होते, आणि म्हणूनच तबला सुरात लावता येतो. ‘ना’ ऐकून तबला षड्जात मिळवला आहे हे कळत असेल, तर आघात आणि त्यामागची आस दोन्ही नीट पोचत आहेत. केवळ ‘टक्’ ऐकू येत असेल, तर आघाताला धार दिलेली आहे आणि आस कापली गेली आहे.

मानवी आवाजासाठी गाण्यापेक्षा साधे वाचन बरे. चांगल्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रित केलेले मराठी अभिवाचन लावावे आणि ‘स’, ‘श’ आणि ‘चमचा’मधला दंत्य ‘च’ कानाला टोचतात का, ते पाहावे. टोचत असतील, तर दोष नेमका कुठे आहे ते शोधता येते. पाच हजारांपासून बारा हजार हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर अगदी लहान आवाजात वाजवावा आणि तो जिथे एकाएकी तीक्ष्ण होतो, तो आकडा टिपून ठेवावा. नंतर आयईएम किंचित खोल बसवून तोच सूर पुन्हा वाजवावा. ते तीक्ष्ण टोक जागा बदलून वर सरकले, तर ते टिप आणि कानाचा पडदा यांच्यामधल्या हवेच्या अनुनादाचे आहे. टिप बदलून किंवा खोली साधून ते बरेचसे आवरता येते. टोक आहे तिथेच राहिले, तर ते ड्रायव्हरचे आहे आणि ते आपल्या कानाला रोज सोसावे लागणार आहे.

याच कारणाने कोणता सूर किती मोठा वाजतो हे दाखवणारे इंटरनेटवरचे आलेख बेताने वाचावेत. ते कानाच्या नळीची नक्कल करणाऱ्या मोजणी-साधनावर घेतलेले असतात आणि प्रचलित साधनांवर आठ-दहा हजार हर्ट्झच्या वरचा भाग विश्वासार्ह राहत नाही. आलेखात तीन हजार हर्ट्झच्या आसपास ८ ते १० डेसिबलचा उंचवटा दिसला, तर तो दोष नव्हे. उघड्या कानाची नळी स्वतःच या भागातले सूर वाढवते. आयईएमने तीच नळी बुजवल्यामुळे ती वाढ त्याला स्वतः पुरवावी लागते. आलेख सरळ रेषेसारखा सपाट असलेला आयईएम कोंदट वाजेल. ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक श्रोत्यांच्या पसंतीवरून बांधलेली हार्मन वक्ररेषा तुलनेला उपयोगी आहे, पण ती बहुतांच्या आवडीची सरासरी आहे, आपल्या कानाचे माप नव्हे.

‘डिटेल’ या शब्दापाशी मात्र जरा थांबावे, कारण सर्वाधिक पैसे त्याच्याच नावावर खर्च होतात. वरचे सूर दोन-तीन डेसिबलने उचलले, की गायकाचा श्वास, बोटांची घसट, सगळे पुढे येते आणि सूक्ष्मता वाढल्याचा भास होतो. तो भास आहे की खरी उकल, हे इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारी सोय, सांगतो. महागड्या आयईएमचा ट्रेबल तेवढा खाली आणावा, किंवा आपल्या जुन्या, स्वस्त आयईएमचा वर न्यावा, पातळी पुन्हा जुळवावी आणि मघाचाच आलाप ऐकावा. स्वयंभू गंधार आणि जवारी तरीही सुटी राहत असतील, तर आयईएमची करामत खरी. फरक विरून गेला, तर तो इक्वलायझरने फुकट मिळत होता. ड्रायव्हरच्या संख्येलाही मी फारसे महत्त्व देत नाही. दहा-बारा ड्रायव्हर बसवणे म्हणजे त्यांची एकमेकांशी सांधेजोड तितक्या ठिकाणी करणे, आणि ती जिथे फसते तिथे गायकाचा आवाज एका सप्तकातून दुसऱ्यात जाताना पोत बदलतो. एकाच डायनॅमिक (लहान स्पीकरसारख्या पडद्याच्या) ड्रायव्हरचा नीट बांधलेला आयईएम या कसोटीवर अनेक बड्या नावांना मागे टाकू शकतो. संथ, तीनही सप्तकांत फिरणारा आलाप यासाठी पुरेसा आहे.

डावा-उजवा तोल तपासायला एकच चॅनेल दोन्हीकडे वाजवणारे, म्हणजे मोनो, ध्वनिमुद्रण लावावे. आवाज बरोबर कपाळाच्या मध्यावर आला पाहिजे. तो उजवीकडे झुकत असेल, तर केबलची डावी आणि उजवी टोके एकमेकांच्या जागी जोडून पाहावीत. झुकाव डावीकडे गेला, तर दोष केबलचा किंवा उपकरणाचा. उजवीकडेच राहिला, तर तो आयईएमचा किंवा कानातल्या पकडीचा. मग दुसरा एखादा आयईएम लावला, की कानाचा प्रश्नही सुटतो. मंचाची, म्हणजे ध्वनी जिथे पसरल्यासारखा भासतो त्या जागेची, रुंदी, खोली वगैरे गोष्टींची चर्चा या तपासणीनंतर करावी.

शक्य असेल, तर परत करण्याची मुभा देणाऱ्या विक्रेत्याकडून घ्यावे आणि आठवडाभर तोच एक आयईएम वापरावा. कान नव्या ध्वनीला सरावतो आणि सुरुवातीला खटकलेले पुष्कळसे खटकेनासे होते. त्याला ड्रायव्हर ‘मोकळा झाला’ असे म्हणण्याची पद्धत आहे, पण बदललेला असतो तो बहुधा ऐकणारा. आठवड्यानंतर पातळी जुळवून जुन्या आयईएमकडे परत यावे आणि तोच आलाप लावावा. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे उणे वाटेल, ते लिहून काढावे. नव्याची किंमत त्या उणिवांसाठी मोजायची आहे. कागद कोरा राहिला, तर वस्तू मुदतीच्या आत परत करावी.