पाडव्याचं साल, जुलैचं साल: एनबीएच्या करारातली वर्षं कशी मोजायची

सालगड्याचं साल गुढीपाडव्याला बदलतं, एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचं, १ जुलैला. शाळेच्या पटांगणावर करारांवरून जे वाद होतात, त्यात बहुतेकदा चूक एकच असते: मुदतवाढ मोजताना जुनी उरलेली वर्षं धरायची राहून जातात.

आधी नवा करार. तीन हंगामांत फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला) म्हणून संघ न बदललेला खेळाडू (ट्रेड, म्हणजे संघांनी अदलाबदल केली असेल, तर चालतं) आपल्याच संघाशी जास्तीत जास्त ५ वर्षांचा करार करू शकतो, वाढ ८ टक्क्यांपर्यंत. दुसऱ्या संघाकडे गेला तर ४ वर्षं आणि ५ टक्के. टक्के नेहमी पहिल्या वर्षाच्या पगारावर, चक्रवाढ नाही. १ कोटी डॉलरला दरवर्षी ८ लाख, म्हणून पाचव्या वर्षी १ कोटी ३२ लाख. १ कोटी ३६ लाख आले तर तुम्ही चक्रवाढ लावली.

आता मुदतवाढ, म्हणजे चालू करार संपायच्या आत त्याला नवी वर्षं जोडणं. कागदावर लिहा: सही कधीची, करार किती वर्षांचा, उरली किती. १-२ वर्षांच्या कराराला मुदतवाढ नसते. ३-४ वर्षांचा असेल तर सहीला २ वर्षं झाल्यावर, ५ वर्षांचा असेल तर ३ वर्षांनी. उरलेली आणि नवी मिळून ५ च्या वर जात नाहीत. जुलै २०२३ मध्ये ४ वर्षांचा करार केलेल्याची २०२५ च्या जुलैत २ वर्षं उरतात, म्हणजे नवी फक्त ३. वर्षभर थांबला तर ४. थांबण्यात फायदा आहे, पण तोवर गुडघा गेला तर सगळंच जातं. नव्या पहिल्या वर्षाचा पगार जुन्या शेवटच्या पगाराच्या १४० टक्क्यांपर्यंत जातो. २०२३ च्या आधी ही मर्यादा १२० होती.

या ५ ला अपवाद आहेत. ड्राफ्टच्या (संघ नवे खेळाडू निवडतात त्याच्या) पहिल्या फेरीतल्या रूकीची, म्हणजे नवख्याची, २ वर्षं पक्की, पुढची २ संघाच्या मर्जीवर. तिसऱ्या हंगामानंतर त्याला आणखी ५ वर्षं मिळू शकतात; मुदत नियमित हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. सुपरमॅक्सलाही (अव्वल खेळाडूला त्याच्याच संघाने द्यायच्या सर्वात मोठ्या कराराला) उरलेली धरून एकूण ६ चालतात: बोस्टनच्या जेलन ब्राउनचं २०२३ मध्ये १ वर्ष उरलं होतं, संघाने ५ नवी दिली.

फ्री एजंटांचा बाजार उघडतो तेव्हा आपल्याकडे १ जुलैची पहाट असते, साडेतीनची, पेरणीच्या दिवसांतली. बातम्या तेव्हाच येतात, पण बहुतेक सह्या ६ जुलैपासून होतात. मुदतवाढीआधीची दोन-तीन वर्षं मोजायची ती सहीच्या तारखेपासून.