दातांचा विमा निवडताना या चुका टाळा

दातांच्या विम्याबद्दल लोक नाराज होतात त्याचं मोठं कारण हे की तो आरोग्य विम्याचाच धाकटा भाऊ समजून घेतला जातो. आरोग्य विमा अचानक कोसळणाऱ्या मोठ्या खर्चासाठी असतो. दातांच्या विम्याचा रोख नेमका उलटा आहे. नेहमीच्या किरकोळ कामांना तो मोकळ्या हाताने पैसे देतो, आणि काम मोठं होत जाईल तसा हात आखडता घेतो.

बऱ्याच योजनांत कामांचे तीन गट असतात. तपासणी, एक्स-रे आणि सफाई यांना 100%, फिलिंग किंवा साधा दात काढणं याला 80%, कॅप, ब्रिज, कवळी यांना 50% अशी ती सर्वसाधारण मांडणी. प्रत्येक योजनेचे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. रूट कॅनाल मात्र एका योजनेत दुसऱ्या गटात असतं, तर दुसरीत तिसऱ्या. तुम्हाला पुढे रूट कॅनाल लागण्याची शक्यता असेल, तर दोन योजनांची तुलना या एका ओळीपासूनच सुरू करा.

फक्त हप्ता पाहून योजना घेणं

हप्त्याच्या आधी वार्षिक मर्यादा पाहा. विमा कंपनी वर्षभरात जास्तीत जास्त किती देणार, ती ही रक्कम. ती संपली की टक्केवारी कितीही चांगली असो, पुढचं सगळं बिल तुमचं. न वापरलेली रक्कम बहुधा पुढच्या वर्षात जात नाही. वर्षाचा हप्ता, डिडक्टिबल म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम, आणि ही मर्यादा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. हप्ता मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचत असेल आणि तुम्हाला वर्षाला दोन तपासण्यांपलीकडे काही लागत नसेल, तर ते पैसे बाजूला ठेवणं जास्त शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे. तारा लावायच्या असतील तर आणखी एक गोष्ट विचारा. त्यासाठी बहुधा वेगळी, आयुष्यात एकदाच मिळणारी मर्यादा असते, आणि अनेक योजनांत ती फक्त मुलांसाठी असते.

50% म्हणजे निम्मं बिल, असं धरून चालणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. हिशोबापुरतं कॅपचं बिल 100 धरा. कंपनीने त्या कामासाठी मान्य केलेला दर 70 आहे. कंपनी 50% देते ते 70 चे, म्हणजे 35. डॉक्टर कंपनीच्या नेटवर्कमधले, म्हणजे कंपनीशी दरांचा करार केलेले असतील तर ते 70 च्या वर घेऊ शकत नाहीत, म्हणून तुमच्या खिशातून 35 जातात. नेटवर्कबाहेरचे असतील तर वरचे 30 ही तुमच्याच माथी येतात आणि तुम्ही 65 भरता. योजना तीच, टक्केवारीही तीच. म्हणून तुमचे नेहमीचे डॉक्टर नेटवर्कमध्ये आहेत का, हे दवाखान्यात विचाराच, शिवाय योजनेचं नेमकं नाव सांगून कंपनीकडूनही खात्री करा. एकाच कंपनीची अनेक नेटवर्क असतात.

दाढ ठणकायला लागल्यावर विमा शोधणं

मोठ्या कामांना अनेकदा 6 ते 12 महिन्यांचा वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तोवर त्या कामांना पैसे मिळत नाहीत. विमा लागू होण्याआधी सुरू झालेलं काम साधारणपणे धरलं जात नाही. पॉलिसी घेण्याआधीच पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज किंवा इम्प्लांट बसवायला पैसे न देण्याचं कलमही बऱ्याच योजनांत असतं. ज्यांचा एखादा दात आधीच गेला आहे, त्यांनी हे कलम सही करण्याआधी शोधून काढावंच.

बारीक अक्षरातल्या आणखी काही अटी पाहा. सफाई ‘वर्षातून दोनदा’ आहे की ‘दर सहा महिन्यांनी’? दुसऱ्या प्रकारात चार दिवस आधी गेलात तरी क्लेम नाकारला जाऊ शकतो. जुनी कॅप बदलायला ठरावीक वर्षं, बहुधा 5 ते 10, झालेली असावी लागतात. दाढेत पांढरं फिलिंग केलं तरी काही योजना चांदीच्या फिलिंगच्या दरानेच पैसे देतात.

काम आधी, चौकशी नंतर

मोठं काम तातडीचं नसेल तर दवाखान्याला कंपनीकडे आधी अंदाजपत्रक पाठवायला सांगा. त्यात दाताचा क्रमांक, कामाचा कोड आणि एक्स-रे असावा. उत्तरात कंपनी किती देईल आणि तुमचा वाटा किती, ते लेखी मिळतं. ती हमी नसते, कारण मधल्या काळात दुसऱ्या कामाने मर्यादा संपलेली असू शकते, पण धक्का बसत नाही.

मर्यादा अपुरी पडत असेल तर रूट कॅनाल या वर्षात आणि कॅप पुढच्या वर्षात, अशी विभागणी करता येते. तारखा मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या. रूट कॅनाल केलेली दाढ कॅपशिवाय फार दिवस राहिली तर ती चिरण्याचा धोका असतो, आणि चीर खोल गेली की दाढ काढावी लागते. विम्याचे पैसे वाचवायला दाढ पणाला लावू नका.

क्लेम नाकारला तर

पत्रातलं कारण नीट वाचा. चुकीचा दात क्रमांक, एक्स-रे न जोडणं अशा कारणांनी अडलेला क्लेम दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो. ‘कामाची गरज दिसत नाही’ असं लिहिलं असेल तर काम करण्यापूर्वीचा एक्स-रे, हिरडीची मोजमापं आणि डॉक्टरांची चार ओळींची टीप जोडून अपील करा. अपघातात दात तुटला असेल किंवा जबड्याची शस्त्रक्रिया असेल, तर तो खर्च आरोग्य विम्यातून मिळण्याची शक्यता असते, तेव्हा तिकडेही विचारा. अपिलाची मुदत पत्रातच दिलेली असते, ती आधी पाहून ठेवा.