सायलेन्सरचा जाम पाइप काढताना: आधी काय वाचवायचं ते ठरवा

आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचं एक वर्ष करून बाहेर पडलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात हे काम येतं, कारण ते कोणालाच नको असतं. ट्रकखाली झोपा, तोंडावर गंज झेला आणि न हलणाऱ्या पाइपाशी झुंजा. बहुतेक जण इथे ताकद लावतात आणि महागातली वस्तू तोडून बसतात. पाइपाचा तुकडा स्वस्त असतो, टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) तोंडात तुटलेला स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) महाग पडतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी ठरवा की यातलं वाचवायचं काय आणि बळी द्यायचं काय.

खान्देशात हवा कोरडी, मग पाइप इतका गंजतो कशाने? गंज आतूनही येतो आणि बाहेरूनही. गाडी थंड झाली की आत पाणी सुटतं. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत पावसाळ्यात शिरलेला ट्रक क्लॅम्पवर (सांधा आवळणाऱ्या पट्टीवर) काळ्या मातीचा थर घेऊन येतो. ती माती ओल धरून ठेवते, पुढे इंजिनाच्या आचेने भाजून विटेसारखी होते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. एकात एक बसलेले दोन पाइप त्यामुळे पाचर मारल्यासारखे घट्ट होतात. म्हणून आधी पोलादी ब्रशने सगळं खरवडा. खाली नट आहे की नुसती मातीच, हे तेव्हा कळतं.

लांबून आलेली गाडी निदान तासभर थंड होऊ द्या. चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (दगड किंवा लाकडी पाचर) लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. शेवटचा क्लॅम्प सोडण्याआधी सायलेन्सरखाली लाकडी ठोकळा द्या, नाहीतर तो छातीवर येतो.

गंज सोडवायचं तेल आदल्या संध्याकाळी मारा, तासाभराने पुन्हा आणि सकाळी एकदा. पाइप हात लावण्याइतका कोमट असेल तर तेल आत ओढलं जातं, पण तापलेल्या पाइपावर ते पेट घेतं.

फ्लॅंजच्या (पाइपाच्या तोंडाची भोकं असलेली जाड कडी) नटाला सहा कोनी गोटी (सॉकेट) लावा. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. नट आधी किंचित घट्ट करा, मग ढिला करा. पाव फेरा पुढे, पाव मागे, मध्ये तेल. पाना एकदम सैल लागला तर थांबा, कारण नट सुटतोय की स्टड पिळतोय हे हाताला तिथेच कळतं. हट्टी नट छिन्नीने एका बाजूने फोडा. नट नवा मिळतो, आटे वाचतात.

तरीही स्टड तुटलाच आणि थोडा वर उरला असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा, लाली जाऊ द्या आणि मग फिरवा. वेल्डिंगच्या आचेनेच गंज सुटतो. आर्क वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायर काढा. तुकडा आतच राहिला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल करा. एम 10 चे जाडे आटे पाडायला 8.5 मिमीचं भोक लागतं. एक्स्ट्रॅक्टर (तुटलेल्या स्टडात उलटा फिरवून तो बाहेर काढायचं हत्यार) जपून वापरा. तो आत तुटला तर साधं ड्रिल त्याला चालत नाही.

आता एकात एक बसलेला सांधा. गॅसची आच बाहेरच्या पाइपालाच द्या, सगळ्या बाजूंनी. 100 मिमीचा पाइप 500 अंशांनी तापला की व्यास साधारण 0.6 मिमी वाढतो आणि तेवढ्याने गंजाची पकड सुटते. आच आतल्या पाइपाला लागली तर तोच फुगून जास्त घट्ट बसतो. लोखंड मंद लाल दिसलं की पाइप पान्याने गोल फिरवा, नुसतं ओढू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात हा लाल रंग दिसतच नाही आणि पोरं पाइप वितळेपर्यंत आच देत बसतात. हे काम सावलीत किंवा दिवेलागणीला करा. आच देण्याआधी तेल पुसा, डिझेल टाकी आणि वायरी झाका, हौद्यातला केळीचा वाळला पाला झाडून काढा. पाण्याची बादली जवळ हवी. गाडीत कापूस भरलेला असेल तर आधी गाडी रिकामी करायला लावा.

आच देऊनही सांधा हलला नाही, तर कापा. बाहेरचा पाइप स्वस्त असेल तर त्याला ग्राइंडरने लांबीत उभी चीर द्या, आतल्याला न लावता, आणि छिन्नीने उघडा. बाहेरचा भाग सायलेन्सरचा असेल तर उलटं करा: आतला पाइप दोन इंच बाहेर ठेवून कापा, उरलेल्या कड्याला आतून हॅकसॉ ब्लेडने दोन चिरा द्या आणि तुकडा आत वळवून काढा. चष्मा घाला, डिस्कचा तुकडा डोळा घेऊन जातो. हे सगळं करताना मधली जाळीची फ्लेक्सिबल नळी पिळू देऊ नका. पीळ बसला की ती काही दिवसांत फाटते.

बीएस 6 (प्रदूषणाचे नवे नियम पाळणाऱ्या) गाडीत हातोडा विसरा. सायलेन्सरच्या पेटीच्या आत धूर साफ करणारी सिरॅमिकची जाळी असते, ती ठोक्याने तडकते. इग्निशन बंद करून युरियाची (धूर साफ करायला फवारतात त्या द्रावणाची) लाइन रिकामी होईपर्यंत काही मिनिटं थांबा, मगच बॅटरी काढा. नॉक्स (धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू) आणि तापमानाचे सेन्सर आधी उतरवून बाजूला ठेवा, गॅस जवळ नेऊ नका.

परत बसवताना गॅस्केट (सांध्यातून धूर गळू नये म्हणून मधे बसणारी चकती) नवंच. आट्यांना तांब्याचं ग्रीस लावा. साधं ग्रीस जळून खडे होतं. सगळे क्लॅम्प ढिले ठेवून पाइप सरळ बसवा, मग फ्लॅंजचे नट समोरासमोर आळीपाळीने आवळा आणि क्लॅम्प शेवटी. इंजिन चालू करून सांध्यापाशी काळी रेघ उमटते का पाहा. धुळ्याची एक फेरी झाली की थंड गाडीवर नटांना पुन्हा पाना लावा. नवं गॅस्केट दबतं आणि नट थोडे ढिले होतात.