समाजाची सावरण्याची ताकद मोजताना या चुका टाळा

ब्रीफ रेझिलियन्स स्केल म्हणजे माणूस संकटातून किती सावरतो हे मोजणारी प्रश्नावली. तिच्यात सहाच विधानं, प्रत्येकाला 1 (अजिबात पटत नाही) ते 5 (पूर्ण पटतं) गुण, म्हणून नवखे ती पाच मिनिटांत उरकतात. पण 2, 4 आणि 6 ही विधानं उलटी असतात: ‘कठीण प्रसंग निभावणं मला जड जातं’ अशा वळणाची. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एखाद्या दारात उभ्याउभ्याच ती वाचून दाखवली, आत बाईचं हुमण (माशांची आमटी) चुलीवर असलं, की सगळ्यालाच ‘हय, हय’ (हो, हो) येतं. सहाही ठिकाणी 5. उलटी विधानं तशीच ठेवून सरासरी काढली तर 5 येते, म्हणजे बाई पोलादी. 6 मधून वजा करून उलटवली तर येते 3, आणि हा 3 सुद्धा मध्यम ताकद सांगत नाही, फक्त होकार सांगतो. माझा नेम ठरलेला: गुण उलटवण्याआधीच एकसारख्या उत्तरांचे फॉर्म बाजूला काढायचे, आणि मुलाखत बसूनच घ्यायची. घाई असेल तर त्या दारात जाऊच नये.

माणसांच्या गुणांची सरासरी म्हणजे गावाची ताकद, हा दुसरा घोळ. गाव कळायचं तर घडलेलं विचारा. जुलै 2021 च्या पुरात पहिली रात्र कोणाकडे काढली? उसने पैसे कोणी दिले? त्या चवथीला स्वतःच्या घरात माटोळी (गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची चौकट) बांधता आली का? खाणपट्ट्यात 2012 ला खाणी थांबल्यावर ट्रकचे हप्ते कशातून फेडले, सोन्यातून की जमिनीतून? ‘गेल्या काही वर्षांत’ असं मोघम विचारू नका. त्याचं उत्तरही मोघमच येतं.

‘रेझिलियन्स’साठी ‘लवचिकता’ हा शब्द फॉर्मवर नको, लोकांना योगासनं आठवतात. एका वाक्यात दोन प्रश्न नकोत. कोकणी आणि मराठी, दोन्ही फॉर्म आधी 15-20 जणांवर तपासा.

एकाच वाड्यावर 20 घरं उरकणं सोयीचं, पण शेजारी सारखेच सावरतात किंवा सारखेच खचतात. हे साधर्म्य 0 (काहीच नाही) ते 1 (अगदी एकसारखे) या मापावर 0.1 धरलं तर 20 वाड्यांतले 400 फॉर्म जेमतेम 138 स्वतंत्र फॉर्मांइतकेच मोलाचे. तेच 400 फॉर्म 40 वाड्यांत 10-10 वाटले, तर 210 हाती लागतात.

आणि कुलूप दिसलं की शेजारचं घर घेणं बंद करा. जे सावरू शकले नाहीत, त्यांतलेच कितीतरी गाव सोडून गेलेले असतात. तीन खेपा घाला, एक रविवारी, एक संध्याकाळी सातनंतर. तरीही कुलूपच असेल तर घरचे कधी गेले, कुठे गेले, ते शेजाऱ्याला विचारून त्याच घराच्या फॉर्मवर लिहा.