ध्रुवीकरणातून डेटा पाठवताय? या चुका टाळा

ध्रुवीकरण म्हणजे लहरीचं विद्युतक्षेत्र ज्या दिशेत डोलतं ती दिशा; तिच्या कोनातून 0 आणि 1 हे बिट पाठवता येतात. सगळ्यात जास्त घोळ कोन निवडतानाच होतो. 0 साठी शून्य अंश घेतले, मग 1 साठी 180 घेऊ, असं सहज वाटतं. पण विद्युतक्षेत्र एकाच रेषेत मागे-पुढे डोलतं. 180 अंश फिरवलं की रेषा पुन्हा तीच. खरा फरक 90 अंशांवर मिळतो.

दुसरी चूक लवकर लक्षातच येत नाही. बऱ्याच लेझर डायोडचा प्रकाश मुळातच एका दिशेत ध्रुवित असतो. त्यापुढे पोलरायझर (एकाच दिशेत डोलणारा प्रकाश जाऊ देणारी गाळणी) फिरवला की दिशेबरोबर तीव्रताही बदलते. 90 अंशांवर तर जवळजवळ अंधारच. म्हणजे आपण ध्रुवीकरण वापरतोय असं समजून दिवा चालू-बंद करत बसतो. त्याऐवजी अर्धतरंग पट्टी, म्हणजे ध्रुवीकरणाची दिशा फिरवणारी पारदर्शक पट्टी, घ्या. ती 45 अंश फिरवली की ध्रुवीकरण 90 अंश फिरतं आणि प्रकाश कमी होत नाही.

रिसीव्हरला पोलरायझरमागे एकच फोटोडायोड (प्रकाश मोजणारा भाग) लावू नका, हे मी आग्रहाने सांगेन. मालुसच्या नियमानुसार त्याला कोनाच्या कोसाइनचा वर्ग तेवढा दिसतो: उजवीकडे 45 अंश असो वा डावीकडे, प्रकाश अर्धाच. शिवाय मध्ये धूळ आली किंवा अंतर वाढलं, तरी तो बिट बदलला असंच समजणार. ध्रुवीकरणानुसार किरण विभागणारा घन लावा, दोन फोटोडायोड ठेवा, त्यांच्या फरकाला बेरजेने भागा. मग एकूण प्रकाश कमी-जास्त झाला तरी बिघडत नाही.

रेडिओत अँटेना 45 अंश कलली तर 3 डेसिबल, म्हणजे अर्धी शक्ती, जाते. कलण्याची भीती असेल तर दोन्ही टोकांना वर्तुळाकार ध्रुवीकरण (ज्यात विद्युतक्षेत्र गोल फिरतं) वापरा, मात्र धातूवर आपटून परतलेल्या लहरीची फिरण्याची दिशा उलटते हे विसरू नका. पावसाचे चपटे थेंबही आडव्या-उभ्या लहरी एकमेकींत मिसळवतात.

तरीही चुका येत असतील तर एकच ध्रुवीकरण चालू ठेवा आणि दुसऱ्या फोटोडायोडवर किती गळतंय ते मोजा. रिसीव्हर हळूहळू फिरवल्यावर गळती जवळपास संपली, तर कोन चुकला होता. कुठल्याच कोनात संपत नसेल, तर वाटेतली वस्तू तपासा. ताण बसलेलं पारदर्शक प्लास्टिकचं झाकण हा नेहमीचा गुन्हेगार, कारण ते ध्रुवीकरणच बदलतं. ते काढून पुन्हा मोजा.